केळवणाचा चिवडा

अप्पांनी माझ्या हातातला बेसनाचा लाडू उडवला आणि त्याच हातानं कानाखाली वाजवली. लाडू फ्रिजखाली गेला. माझ्या कानात नुसती शिटी वाजत होती.

"लग्न तोंडावर आलंय आणि लाडू खातीस?"

"अर्धाच खात होते."

"अर्धा असू दे नाहीतर पाव. धैर्यशीलरावांना काय तोंड दाखवू मी?"

त्याआधी माझ्या बापानं मला कधी बोट लावलं नव्हतं. आई गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. तेव्हापासून या माणसानं माझ्या वेण्या घातल्या, डबे भरले, तापात उशाशी बसून रात्री काढल्या. साखर कारखान्यात टाइमकीपर होते अप्पा. मी गोळाफेकीत बक्षीस आणलं की कारखान्याच्या गेटवर पेढे वाटायचे. "माझी हेमांगी गोळा टाकती, तो शोधायला माणूस लावावा लागतो," असं ज्याला त्याला सांगत सुटायचे. आणि आता तीच हेमांगी त्यांना जाड दिसायला लागली होती. म्हणजे त्यांना नाही, त्यांच्या होणाऱ्या जावयाला.

मी वाकून लाडू काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे तो." मला मारून स्वतःच घाबरले होते. पण माफी मागितली नाही, आणि मीही रडले नाही. बेसन दाताला चिकटलं होतं, ते जिभेनं काढून गिळलं. एवढी भूक लागली होती.

धैर्यशील जगदाळे रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. उंच, गोरा, पांढरी गाडी, बोलणं मऊ. आमच्या सांगलीत असं स्थळ चालून आलं म्हटल्यावर अप्पांचे पाय जमिनीवर राहिले नव्हते. बघायला आला तेव्हा माझ्या दंडांकडे बघून म्हणाला, "खेळाडू आहे, छान." मी खूश झाले. का नाही होणार? तोवर आलेले सगळे माझ्या दंडांकडे बघून चहा अर्धा ठेवून गेले होते.

साखरपुडा झाला आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्याकडून शालू आला. आमच्यात शालू नवऱ्याकडूनच येतो, त्यात काही नाही. पण ब्लाउज कुणी शिवून पाठवत नाही. कापड पाठवतात, माप नवरीचं घेतात. यानं ब्लाउज शिवून पाठवला होता. माप त्यानंच ठरवलेलं. तो माझ्या हातावर कोपरापर्यंतसुद्धा चढेना.

ब्लाउजबरोबर कॉर्नफ्लेक्सची मोठाली खोकी आली होती, मुंबईच्या कुठल्याशा मॉलमधून आणलेली. खोक्याच्या एका बाजूला वाटीत दूध ओतल्याचं चित्र, आणि दुसऱ्या बाजूला एक बारीक बाई कमरेला टेप गुंडाळून हसत होती. त्यानं फोनवर मला सगळं समजावून सांगितलं.

"सकाळी वाटीभर, रात्री वाटीभर. साय काढलेल्या दुधात. साखर नाही. दुपारी एक चपाती. पंधरा दिवसांत दोन साइज उतरतात, खोक्यावर लिहिलंय."

"आणि नाही उतरले तर?" मी हसत विचारलं.

"उतरतील," तो म्हणाला. तो हसला नव्हता.

तर मी ते खायला लागले. दुधात टाकल्यावर घटकाभर कुरकुर वाजायचं, मग लगदा. भिजलेला पेपर खाल्ल्यासारखं लागायचं. पहिले दोन-तीन दिवस मी मोठ्या तोऱ्यात होते, खेळाडू माणूस, जमेल म्हटलं. नंतर शेजारच्या घरात लसणाची फोडणी बसली तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. जिना चढताना कठड्याला धरून उभी राहायचे. चिडचिड तर अशी, की दूधवाल्याशीसुद्धा भांडले.

आणि त्यातच केळवणं सुरू झाली. लग्न ठरलेल्या पोरीला एकेक नातेवाईक घरी बोलावून गोडधोड जेवू घालतो, साडी-नारळ देतो. त्या ताटाला नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हटलं की घरातल्या बाईचा अपमान. मी पर्समध्ये कॉर्नफ्लेक्सची पुडी घेऊन फिरत होते. चुलतवहिनींनी श्रीखंड-पुरीचं ताट वाढलं, भोवती रांगोळी काढली, आणि मी म्हटलं, "मला वाटीभर दूध द्या, साय काढून." वहिनींच्या सासूबाईंनी ताट उचललं ते सरळ गाईपुढं नेऊन ठेवलं. त्या आमच्याशी आजतागायत बोलत नाहीत.

हे एवढंच असतं तर मी निभावून नेलं असतं. कुणी सांगावं, त्या ब्लाउजात शिरलेही असते.

पत्रिका वाटायच्या निमित्तानं धैर्यशील मला गाडीतून न्यायचा. पहिल्यांदा बायपासला गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "बघू."

"काय बघू?"

त्यानं माझ्या पदराखाली हात घातला. मला वाटलं, आता लग्न ठरलंय, चालायचंच. पण त्यानं कमरेवरचं मांस अंगठा आणि बोटात धरलं आणि दाबलं. दाबत राहिला.

"अजून एवढं आहे," तो म्हणाला. बाजारात वांगी बघावीत तसं.

"अहो, दुखतंय."

"दुखायलाच पाहिजे. म्हणजे लक्षात राहतं."

पुढं प्रत्येक भेटीत हे माप घेणं ठरून गेलं. कधी कमरेवर, कधी दंडाच्या आतल्या बाजूला. जिथं धरायचा तिथं दुसऱ्या दिवशी काळंनिळं व्हायचं. मी ओरडले तर आणखी जोरात. न ओरडता सोसलं तर शाबासकी द्यायचा.

एकदा गाडीत बसल्या बसल्या त्यानं नाक वर केलं. "तोंड उघड."

"का?"

"उघड म्हणतोय ना."

मी उघडलं. त्यानं वास घेतला. मी निघताना मूठभर भडंग तोंडात टाकलं होतं. सांगलीत राहून भडंगाचा वास लपवायचा तरी कसा. त्यानं माझा जबडा धरला आणि डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा जरा हळू. मला काचेपलीकडं उसाची बैलगाडी जाताना दिसत होती, गाडीवान विडी ओढत बसलेला. त्यानं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

नंतर धैर्यशीलनं रुमाल काढून माझे डोळे पुसले. चौकात गजरा घेतला, स्वतःच्या हातानं माळला. "मी तुझा दुश्मन आहे का? तुझ्यासाठीच करतोय ना हे सगळं?" त्याचा आवाज इतका मऊ होता, की मी मान डोलावली. आणि खरं सांगते, मला तेव्हा ते पटलंही. एवढं आपल्याकडं लक्ष देणारा माणूस आहे, थोडा तापट आहे, लग्न झालं की निवळेल. मंगल कार्यालय ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, अप्पा नवीन धोतरजोडी घेऊन आले होते. कुणाला काय सांगायचं?

सांगितलं नाहीच. पण मालनआत्याला दिसलं.

मालनआत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. नवरा मरून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची आणि घरी कांदा-लसूण मसाला कुटून विकायची. मला वाढवण्यात निम्मा वाटा तिचा. ती म्हणाली, "आण तो ब्लाउज. उसवून काही जोड देता येतो का बघू." मी गेले. तिनं माझा पदर खाली घेतला, दंड वर करायला लावला आणि थांबली.

"हे काय गं?"

"कपाटाचं हँडल लागलं."

"आणि हे कमरेवरचं?"

"तेच. धांदरट आहे मी, तुला माहीत आहे."

"दंडावर कपाट, कमरेवर कपाट. भारी पळतंय की तुझं कपाट."

मी भडकले. पोटात काही नसलं की माणूस लगेच भडकतो. "तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण ना आत्या."

"मला काय म्हणायचंय?" तिनं वाटीत खोबरेल घेतलं आणि त्या डागांना हलक्या हातानं लावायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "रविवारी दुपारी केळवण माझ्याकडं. तुम्हा दोघांचं. तुझा बाप तर येईलच. जावयाला म्हणावं, एकटेच या, म्हातारी बाई कुणाकुणाचं करणार."

"मी काही खाणार नाही हं आत्या. आधीच सांगते. तिथं तो असणार."

"नको खाऊस. ती खोकी ठेव माझ्याकडं, तुला त्यातलंच वाढते. मग तर झालं?"

उरलेली दोन्ही खोकी मी तिच्या मांडणीवर ठेवून आले. अप्पांना सांगितलं तर तेही खूश झाले. म्हणाले, "आक्काला कळतं सगळं."

रविवारी आत्याचं घर पुरणाच्या वासानं भरलं होतं. मी दारातच दोन मिनिटं नुसती वास घेत उभी राहिले. पाट मांडलेले, रांगोळी काढलेली, समई लावलेली. धैर्यशील आला तो अत्तर लावून, पेढ्यांचा पुडा घेऊन. वाकून आत्याच्या पाया पडला. आत्यानं आम्हा दोघांना पाटावर बसवून ओवाळलं. अप्पा समोर भिंतीला टेकून बसले होते आणि आमच्याकडं बघून त्यांचे डोळे भरून येत होते.

"पोळ्या गरम वाढते," आत्या म्हणाली. "तोवर हे तोंडात टाका जावईबापू." तिनं त्याच्यापुढं चिवड्याची वाटी ठेवली. अप्पांना दिली. मला दिली नाही.

काय वास होता त्याला. तुपावर परतलेला कढीपत्ता, डाळवं, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे. मी मान दुसरीकडं वळवली.

धैर्यशीलनं वाटी संपवली आणि पुढं केली. आत्यानं पुन्हा भरली. "आत्या, एक नंबर झालाय. कसला आहे?"

"मक्याचा."

"हलका आहे. तेलकट नाही अजिबात. रुखवतात हाच ठेवा."

"ठेवणारच की. डबा भरून केलाय."

त्यानं दुसरी वाटीही संपवली, बोटं चाटली आणि माझ्याकडं बघितलं. "हिचं वाढा आता. खोकं पाठवलंय ना इकडं?"

"कसलं खोकं?"

"कॉर्नफ्लेक्सचं. ती तेच खाते."

"अगंबाई, ते होय." आत्यानं कपाळाला हात लावला. "तेच की हे. मला आपलं वाटलं, रुखवताच्या चिवड्यासाठी मका दिलाय. तळायला घेतला तर करपायला लागला, मग नुसता तुपावर परतला. दोन्ही खोकी संपली बघा."

मग अप्पा हसले, चुकून शिंक यावी तसे. त्यांचं बघून मला हसू फुटलं. किती दिवसांनी हसत होते मी. त्या खोक्यावरची ती टेप गुंडाळलेली बाई माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि त्याच खोक्यातलं तुपात परतून हा बाबा दोन वाट्या चाटूनपुसून खाऊन बसला होता. मला आवरेना. पोट धरून हसत होते.

धैर्यशीलनं वाटी पाटाच्या कडेला ठेवली. "हसतेस?"

"अहो, नाही, म्हणजे बघा ना, तुम्हीच आत्ता..."

त्यानं माझी वेणी मुळापाशी धरली आणि डोकं मागं ओढलं. दुसऱ्या हातानं अप्पांच्या वाटीतला चिवडा मुठीत घेतला आणि माझ्या तोंडात कोंबला.

"हसतेस ना? मग खा. हेच पाहिजे होतं ना तुला? खा."

शेंगदाणे आणि मका घशात अडकला. मी खोकले तर त्यानं तळहातानं तोंड दाबलं आणि बोटांच्या पेरांनी आणखी आत सारलं. ओठ दातावर फाटला. तोंडात तूप आणि रक्त एकत्र झालं. श्वास येत नव्हता. मी पाटावरून घसरले, रांगोळी सगळी विस्कटली, आणि तो माझ्या छातीवर गुडघा देऊन बसला.

"धैर्यशीलराव," अप्पा उठून उभे राहिले होते. हात जोडलेले. "अहो चुकून झालं. म्हातारी बाई आहे, तिला काय कळतंय. मी नवीन खोकी आणून देतो. सोडा तिला, पाया पडतो."

"तुम्ही मधे बोलू नका. तुमच्या लाडानंच ही अशी झालीय."

आत्यानं त्याचं मनगट धरलं. तिच्या हाताला मसाला कुटून कुटून घट्टे पडलेले होते, ती पकड काही साधी नव्हती. "सोड तिला," ती म्हणाली. जावईबापू नाही, अहोजाहो नाही.

त्यानं मला सोडलं आणि तिचा हात धरला. पाठीमागं पिरगाळला आणि तसाच तिला ओट्यावर ढकललं. तिचं कोपर ओट्याच्या फरशीच्या कडेवर आपटलं आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. आत्या खाली बसली. ओरडली नाही. त्यानं तिच्या कमरेत लाथ घातली, बुटाशिवायची पण सगळ्या ताकदीनिशी. मग आणखी एक.

मी जमिनीवर ओणवी होऊन घशातलं ओकत होते. डोळ्यांतल्या पाण्यातून मला अप्पा दिसत होते. माझा बाप अजून हात जोडूनच उभा होता.

"वसंता," आत्या खालून अप्पांना म्हणाली. "बघ. नीट डोळे उघडून बघ."

अप्पांचे हात सुटले. कारखान्यात आयुष्यभर टाइमकीपर म्हणून बसलेला माणूस, कुणावर कधी आवाज चढवला नाही, तो एकदम पुढं आला आणि धैर्यशीलच्या मानेभोवती हात टाकून लोंबकळला. धैर्यशीलनं खांदा झटकला. अप्पा दाराच्या चौकटीवर गेले. डोकं आपटलं. कपाळावरून रक्त भुवईत उतरलं आणि ते तिथंच बसले, आणि पुन्हा उठायला लागले.

कोपऱ्यात आत्याचा मसाल्याचा खल होता, लोखंडी. मी त्यातला बत्ता उचलला. किती दिवस मी वाटीभर लगद्यावर जगत होते, जिना चढवत नव्हता मला. पण बत्ता हातात आला आणि हाताला सगळं आठवलं. पाय रोवले, कंबर वळवली, आणि पहिला घाव त्याच्या खांद्यावर, गळ्याजवळच्या हाडावर घातला. ते मोडलं. मला हातात जाणवलं मोडलेलं. तो वळला, माझा गळा धरायला चांगला हात पुढं केला, तर दुसरा घाव मी त्याच्या गुडघ्यावर घातला.

तो पाटावर पडला. समई लवंडली. तो ओरडत होता, आईच्या नावानं. मी त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिले आणि बत्ता दोन्ही हातांनी वर घेतला. मला अगदी शांत वाटत होतं. कुठं मारायचं ते दिसत होतं, कानाच्या वर, जिथं केस बारीक कापले होते.

"पुरे, हेमे," आत्या म्हणाली.

"नाही."

"अगं पुरे. त्याला जिवंत जाऊ दे. त्याच्यापायी तुला आत बसवायची नाही मला."

मी बत्ता खाली केला नाही. मग अप्पा आले. एका डोळ्यात रक्त, धड दिसत नव्हतं त्यांना. त्यांनी माझी मनगटं धरली. जोर लावला नाही, नुसती धरली. मी हळूहळू हात खाली आणले.

धैर्यशील भिंत धरून उठला, एका पायावर उड्या मारत दारापर्यंत गेला. "बघून घेईन एकेकाला," असं काहीतरी म्हणत होता, दातखीळ बसल्यासारखं. बाहेर त्याची गाडी होती, पण मोडक्या हाडानं चालवणार कशी. पायरीवरच बसला, आणि गल्लीतली माणसं जमली. अप्पांनी आतून त्याचे बूट उचलले आणि त्याच्या अंगावर फेकले. मग पेढ्यांचा पुडा. मग दाराला कडी घातली.

दुपार कलता कलता आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात होतो. अप्पांना टाके पडले. आत्याच्या हाताला प्लास्टर घातलं, आणि दोन बरगड्यांना चीर होती. एक हवालदार येऊन सगळं लिहून घेऊन गेला. जाताना माझ्याकडं खालून वरपर्यंत बघत म्हणाला, "तुम्ही मारलं? एकट्यानं?" मी हो म्हटलं. पुढं जगदाळ्यांनी आमच्यावर तक्रार केली, आम्ही त्यांच्यावर, आणि बरेच हेलपाटे घातल्यावर दोन्हीकडून मिटलं. ते काही सांगण्यासारखं नाही.

आम्ही दवाखान्यात असतानाच धैर्यशीलच्या आईचा फोन आला. अप्पांनी उचलला. बाईंचा आवाज मला पलीकडच्या बाकावर ऐकू येत होता. पोरगी नाही राक्षसीण आहे तुमची, माझ्या लेकराला कायमचं अधू केलं.

"हो," अप्पा म्हणाले. "आहे." आणि फोन ठेवला. मग माझ्याजवळ येऊन, मला मारलं होतं त्या कानावरून हात फिरवला आणि चहा आणायला खाली गेले. पट्टी बांधलेल्या डोक्यानं, जिन्याच्या कठड्याला धरत.

मी आत्याच्या पलंगाशी बसले. तिचा चेहरा दुखण्यानं राखेसारखा झाला होता. मला तिची कीव यायला हवी होती, पण राग आला. राग कुणावर तरी काढायचा होता, धैर्यशील तर हाताशी नव्हता.

"तुला कुणी सांगितलं होतं गं चिवडा करायला? खोक्यावर एवढं मोठं चित्र होतं. वाटीत दूध ओतलेलं. तेवढंही कळलं नाही?"

"कळलं की," आत्या म्हणाली. "आंधळी आहे होय मी."

मी तिच्याकडं बघत राहिले.

"पाणी दे घोटभर."

मी दिलं. तिनं हळूहळू प्यायलं, बरगडीतून कळ आली तशी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच बोलायला लागली.

"तुझ्या काकांनी मला पहिल्यांदा मारलं ते आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून. लग्नाला आठवडा झाला होता. मी माहेरी पळून आले. माझा बाप म्हणाला, आधी कळलं असतं तर बघितलं असतं पोरी, आता काय उपयोग. आणि परत पोचवून आला. वसंता तिथंच बसला होता, जेवत होता. त्यानं मान वर केली नाही." ती थांबली. "तुझा दंड बघितला आणि म्हटलं, ह्याच्या आमटीत मीठ लग्नाआधीच जास्त घालून बघायचं. तुझ्या बापाच्या डोळ्यांदेखत. नुसतं सांगून त्यालाही पटलं नसतं. किती खूश होता तो."

"आणि तो नुसता हसला असता तर? हसण्यावारी नेलं असतं तर?"

"तर चिवडा रुखवतात ठेवला असता. माझंच चुकलं म्हटलं असतं, आणि तुझ्या पाठवणीला चार माणसांत बसून रडले असते."

"तुझा हात मोडला आत्या. मान मोडली असती तर?"

"एवढं मारील असं नव्हतं वाटलं. मला वाटलं, वाटी फेकील. एखादी थोबाडीत देईल मला." तिनं प्लास्टरकडं बघितलं. "बरंच म्हणायचं. थोबाडीत दिली असती तर तुम्ही बापलेक मिळून पोटात घातली असती."

खाली कुणीतरी बादली आपटली. वॉर्डातल्या बाया आमच्याकडं बघत होत्या, त्यांना सगळं कळलेलं होतं. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाही राग येत होता.

"मला तरी आधी सांगायचं होतंस," मी म्हटलं. "मी तयार राहिले असते. मी त्याला तुझ्याजवळ येऊच दिलं नसतं. मला का नाही सांगितलंस?"

आत्यानं डोळे उघडले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही.

"तुला सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू त्याला आधीच फोन करून सावध केलं असतंस."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. फाटलेला ओठ पुन्हा उघडला आणि रक्त हनुवटीवर आलं. आत्यानं चांगल्या हातानं पदराचं टोक घेतलं आणि ते पुसलं.